जपून ठेवा

बाईंना आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार मिळाला. एका मोठ्या छापखान्यात त्या मुद्रितं तपासायच्या. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातला प्रत्येक शब्द त्यांच्या डोळ्यांखालून जायचा आणि बरेच शब्द लाल होऊन परत यायचे. निवृत्तीनंतर पगार थांबला, खोड थांबली नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचना, जिन्यातली 'कृपया दार लावा'ची पाटी, बँकेचा निरोप, कुठेतरी काहीतरी टोचायचंच. पण सांगायचं कुणाला? दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या. लग्न झालं नव्हतं. "एकाचं पत्र आलं होतं, तर तू त्यातल्या चुका लाल करून त्याला परत पाठवलंस," असं धाकटी बहीण अजून ऐकवते, आणि दुर्दैवाने ते खरं आहे.

अशा बाईच्या हाती कॉम्प्युटर पडल्यावर दुसरं काय होणार? लिहिण्यासाठी म्हणून त्यांनी एक प्रोग्राम उतरवून घेतला. तो फुकट होता आणि आपल्या भाषेत होता, निदान तसा दावा तरी होता. पहिलीच यादी उघडली तर 'फाइल उघडा'च्या जागी 'फाइल उघडे'. बाई दिवसभर धुमसत राहिल्या. शेवटी एका कोपऱ्यात 'भाषांतर सुधारायला मदत करा' अशी ओळ सापडली, तीही चुकीची लिहिलेली. बाईंनी तिच्यावर टिचकी मारली ती जवळजवळ थप्पडच होती.

आत सगळा कारखाना उघडा पडला होता. प्रोग्रामच्या प्रत्येक बटणामागे, प्रत्येक सूचनेमागे एकेक ओळ असते. डावीकडे मूळ परकी ओळ आणि उजवीकडे रिकामा चौकोन. त्यात आपल्या भाषेतली ओळ भरायची. कुणीही भरावी. नियम एकच होता, पण कडक होता. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं. दुसरा 'मंजूर' म्हणेपर्यंत ओळ तपासणीच्या रांगेत पडून राहायची. स्वतःचं लिहिलेलं स्वतः मंजूर करता येत नसे. छापखान्यातही हीच रीत होती. बाईंना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं, जरी तिथे माणूस एकही दिसत नव्हता. त्यांनी 'लाल पेन' असं नाव घेतलं आणि कामाला लागल्या.

बहिणीचा दर रविवारी फोन यायचा. तिला हा प्रकार काही केल्या पचेना.

"ताई, पण पैसे कोण देतं?"

"कुणी नाही."

"मग त्याचा मालक कोण?"

"ज्यांनी ज्यांनी लिहिलं ते सगळे. पण त्यांनी परवानाच असा करून ठेवलाय की कुणीही घ्या, वापरा, वाटा, आतलं बदला. फक्त ज्याने केलं त्याचं नाव पुसू नका. आणि पुढे ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक द्या."

"आणि उद्या तुझं डोकं फिरलं, म्हणालीस की माझं मला परत द्या, तर?"

"नाही मिळत. एकदा दिलं की दिलं."

"म्हणजे मी तुझ्याकडून नेलेल्या पुस्तकांसारखं."

"त्यांवर माझं नाव तरी शिल्लक आहे का?" बाईंनी विचारलं, आणि बहिणीने घाईघाईने हवापाण्याचा विषय काढला.

पहिल्याच आठवड्यात बाईंच्या एका ओळीवर 'नामंजूर' असा शिक्का पडला. खाली शेरा होता, "हे कुणी बोलतं का?" तपासणाऱ्याचं नाव, शेवटचा बाक.

बाईंचं रक्त उसळलं. छापखान्याचा मालकसुद्धा त्यांना असं विचारायला धजला नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, 'आपण इच्छिलेली कृती निष्पन्न होऊ शकली नाही.' त्यावर त्यांनी शुद्ध भाषेची बाजू घेऊन लांबलचक उत्तर पाठवलं. पलीकडून तेवढंच एक वाक्य परत आलं, "हे कुणी बोलतं का?" बाई चिडून झोपल्या. सकाळी उठून त्यांनी तीच ओळ मोठ्याने वाचली, स्वयंपाकघरात, दूध तापवताना, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग त्यांनी लिहिलं, 'हे जमलं नाही.' लगेच मंजूर झालं. शेरा होता, "बसा खाली."

बरोबर उत्तर दिलेल्या पोराला वर्गात सांगतात, तसं. बाई खुर्चीतच बसलेल्या होत्या, तरी आपण आत्ता खाली बसलो असं त्यांना वाटलं.

तिथून पुढे आठ वर्षं हे भांडण चाललं. बाईंना 'फाइल'ला 'धारिका' म्हणायचं होतं. शेवटच्या बाकाने विचारलं, "काखेत धारिका मारून ऑफिसात जाणारा एक माणूस दाखवा, लगेच मंजूर करू." माणूस सापडला नाही, फाइल फाइलच राहिली. 'डकवा' की 'चिकटवा' यात बाई जिंकल्या आणि तो दिवस त्यांनी चहात दुप्पट साखर घालून साजरा केला. केलेली चूक परत फिरवायचं जे बटण असतं, त्याला 'मागे घ्या' म्हणायचं यावर मात्र दोघांचं चटकन जमलं. शेवटच्या बाकाने शेऱ्यात लिहिलं, "बाहेर कुठे मिळत नाही, इथे तरी मिळू द्या." बाईंनी उत्तर दिलं की शेऱ्याच्या जागी तत्त्वज्ञान झाडू नये. पण ती ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा जाऊन वाचली.

एकमेकांना खासगी असं कुणी काही विचारलं नाही. शेवटच्या बाकाचं लिहिणंही असं की पुरुष की बाई, म्हातारं की तरुण, कशाचा पत्ता लागू नये. "पटलं नाही." "उद्या बघू या." "तुमच्यामुळे चहा थंड झाला." बाईंनी आपल्या मनाने एक मुलगी उभी केली होती. चष्मेवाली, फटकळ, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. शेरा यायला उशीर झाला की तिला ताप आला असेल असं त्यांना वाटायचं.

प्रोग्राममध्ये 'आमच्याविषयी' नावाची एक खिडकी होती. ती सहसा कुणी उघडत नाही. तिच्या अगदी तळाशी आपल्या भाषेच्या भाषांतरकारांची नावं होती, लाल पेन आणि शेवटचा बाक, एकाखाली एक. काही काम नसताना बाई ती खिडकी उघडून बघायच्या. जन्मात त्यांचं नाव दुसऱ्या कुणाच्या नावाला लागून आलं ते एवढंच. बाईंचा त्या माणसावर जीव होता. हे इथे सरळ सांगून टाकतो, कारण त्या स्वतः कधी कबूल करणार नाहीत.

आणि मग शेवटचा बाक गप्प झाला.

आधी बाईंना वाटलं, मुलगी गावाला गेली असेल. मग वाटलं, नोकरी लागली असेल, वेळ मिळत नसेल. ओळी रांगेत साचत चालल्या. बाईंनी शेऱ्याच्या जागी लिहिलं, "रांग वाढते आहे." त्यांच्या शब्दकोशात याचा अर्थ 'तुम्ही बरे आहात ना' असा होता, पण तो पलीकडे पोचला की नाही कोण जाणे.

"दुसरं एक नाव घे आणि तूच मंजूर करून टाक की," बहीण म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"म्हणजे आरशाला विचारू, मी बरोबर आहे का म्हणून?"

"आरसा निदान उत्तर तरी देतो तुला, ताई."

बाईंनी फोन ठेवला. बहिणीचं म्हणणं लागलं होतं. घरात दिवसभरात त्यांच्याशी बोलायचा तो फक्त फ्रिज, अधूनमधून घरघर करून. दुपारी त्या एखाद्या शब्दावरून पलीकडचं माणूस काय म्हणेल ते मनात ठरवायच्या, त्याला उत्तर तयार करायच्या, कधी ते मोठ्याने म्हणायच्याही. आणि मग खोलीत जी शांतता व्हायची ती त्यांना अजिबात सोसत नसे.

एक गोष्ट मात्र त्यांना पक्की ठाऊक होती. शेवटच्या बाकाला चूक बघवत नाही. कितीही काम असो, ताप असो, चूक दिसली की ते माणूस येणारच. म्हणून बाईंनी गळ टाकला. चुका शोधण्यात केस पिकलेल्या बाईने मुद्दाम चुका पेरायला सुरुवात केली. आधी एखादी मात्रा गाळली. मग 'छापा'च्या जागी 'छापून टाका एकदाचं' लिहिलं. 'मदत'च्या जागी लिहिलं, 'आता आठवली का मदत?' सकाळी चहाच्या आधी त्या जाऊन बघायच्या. गळाला काही लागत नव्हतं.

नव्या आवृत्तीत एक नवी सोय येणार होती. बरेच दिवस न उघडलेल्या फाइल्स प्रोग्राम स्वतःच शोधून काढणार आणि विचारणार, 'या फाइल्स बरेच दिवस उघडलेल्या नाहीत. काय करायचं?' खाली दोन बटणं. पहिल्यावर बाईंनी लिहिलं, 'नंतर बघू'. दुसरं बटण त्या फाइल्स पुसून टाकण्याचं होतं. बाई त्या रिकाम्या चौकोनासमोर बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांना काहीही पुसून टाकावंसं वाटत नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'जपून ठेवा'.

यापेक्षा मोठी चूक करताच आली नसती. अर्थ बरोबर उलटा.

"आता तरी ये गं," त्या पडद्याला म्हणाल्या.

कुणी आलं नाही. मग बाई रुसल्या. केस पांढरे झालेल्या माणसाने रुसावं कसं, तर अगदी लहान मुलासारखं. त्यांनी ते पान बंद केलं आणि उघडलंच नाही. तिकडून आलेले निरोप न वाचता पडू दिले. कपाटं आवरली. जिन्यातल्या पाटीवरची चूक लाल पेनाने दुरुस्त करून आल्या, त्यावरून खालच्या मजल्यावरच्या माणसाशी भांडण झालं, त्यातही मजा आली नाही. बोलायचं नसेल तर नको, आपलं काय अडलंय, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. अडलेलं तर सगळंच होतं.

आणि एका सकाळी निरोप आला, 'शेवटचा बाक यांनी नवीन नोंद केली आहे.'

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच उघडलं नाही. आधी चहा ठेवला. तोंड धुतलं, केस नीट केले, जणू काही पलीकडून दिसणारच होत्या. भांडणाची दोनचार वाक्यं मनाशी घोळवली. मग कप घेऊन बसल्या आणि वाचू लागल्या.

"मी यांची मुलगी. हे खातं माझ्या वडिलांचं आहे. त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडंच होतं, म्हणून त्यातूनच लिहिते. वडील चार महिन्यांपूर्वी गेले. ते शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर 'बाकावरचं' नावाच्या फोल्डरमध्ये रोज काहीतरी लिहीत असत, आम्हाला कधी दाखवलं नाही. ते गेल्यावर मी त्यातली एक फाइल उघडली, पहिली ओळ वाचली आणि बंद केली. तेव्हा जमेना. म्हटलं, सावकाश वाचू. मध्यंतरी तुमच्या प्रोग्रामने विचारलं की या फाइल्स बरेच दिवस उघडलेल्या नाहीत, काय करायचं. मी 'जपून ठेवा' दाबलं. मला उलट बरं वाटलं, की बघा, आपणहून विचारतोय. परवा वाचायला बसले तर फोल्डर रिकामा आहे. कुणीतरी सांगा ना, कुठे ठेवल्यात?"

बाईंनी ते दोनदा वाचलं. आधी कळलं ते एवढंच की माणूस गेलं. चष्मेवाली मुलगी कधी नव्हतीच. एक म्हातारे मास्तर होते, आणि ते चार महिन्यांपूर्वीच गेले. म्हणजे 'रांग वाढते आहे' हे बाईंनी लिहिलं तेव्हाही ते नव्हते. त्यांना रडू यायला लागलं, आणि रडता रडताच दुसरी गोष्ट कळली. मग रडणंसुद्धा थांबलं.

ती ओळ पुढे गेलीच कशी? रांगेत पडून राहायला हवी होती. बाईंनी न वाचलेले निरोप उघडले. प्रकल्पाचा समन्वयक दूरच्या कुठल्याशा देशात होता, त्याला ही भाषा येत नव्हती. माणूस फार सज्जन होता. त्याने लिहिलं होतं, 'तुमच्या भाषेला दुसरा तपासनीस उरलेला दिसत नाही. अपुऱ्या राहिलेल्या भाषा नव्या आवृत्तीतून वगळाव्या लागतात आणि त्यांच्या भाषांतरकारांची नावंही जातात. पण इतक्या वर्षांत तुमची एकही मंजूर ओळ मागे घ्यावी लागलेली नाही. म्हणून अपवाद करून तुमच्या रांगेतल्या सगळ्या ओळी आम्ही एकदम मंजूर केल्या आहेत. तुमच्यावर विश्वास ठेवायला आम्हाला दुसऱ्या डोळ्यांची गरज वाटली नाही.'

बाईंनी समन्वयकाला लगेच कळवलं आणि त्याने त्या बटणावरची ओळ आणि पेरलेल्या बाकीच्या चुकाही त्याच दिवशी काढल्या. दुरुस्ती मंजूर होईपर्यंत तिथे मूळ परकी ओळ दिसणार होती. पण लोकांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती कुठून परत आणणार? चांगलं दिलेलं जसं परत घेता येत नाही, तसं हेही येत नव्हतं.

मुलीला त्यांनी आधी कामाचं तेवढं लिहिलं. "कॉम्प्युटर आत्ताच्या आत्ता बंद करा. त्यावर नवीन काही लिहू नका. फाइल पुसली म्हणजे ती लगेच नाहीशी होत नाही. ती कुठे आहे एवढंच यंत्र विसरतं आणि ती जागा रिकामी धरतं. दुसरं काही त्या जागेवर येऊन बसेपर्यंत जुनं तिथेच असतं. जाणकाराला दाखवा, मिळू शकेल."

उत्तर संध्याकाळी आलं. "दुरुस्तीवाल्याकडे लगेच नेला. तोही हेच म्हणाला. पण बाबांचं मशीन नुसतं पडून राहू नये असं मला वाटायचं, म्हणून माझं ऑफिसचं सगळं काम मी त्यावरच करत होते. तो म्हणतो, सगळी जागा भरून गेली. आता काही मिळणार नाही. जाऊ दे. यंत्राचंच चुकलं म्हणायचं, ना?"

यावर बाईंनी फक्त 'हो' लिहायचा अवकाश होता. तसं पाहिलं तर सगळं मिटलंही असतं.

त्यांनी रविवारची वाट न बघता बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"हो म्हण, ताई," बहीण म्हणाली. "तुला वाचवायला नाही सांगत मी. तिच्यासाठी सांगते. यंत्रावर माणूस चिडतं आणि विसरतं. तू मुद्दाम केलंस हे कळलं तर ती जन्मभर घोळवत बसेल. आणि गेलेलं काय परत येणार आहे?"

"ती ओळ माझ्या नावावर आहे गं."

"मग काढून टाक तुझं नाव. कोण बघतंय?"

"नाव पुसता येत नाही. तोच तर परवाना आहे."

"तो कौतुकासाठी असतो ना?"

"कशासाठी असतो ते कुठे लिहिलंय? ज्याने केलं त्याचं नाव, एवढंच लिहिलंय."

बहिणीने सुस्कारा टाकला. "तू त्या माणसाला पत्र परत पाठवलंस तेव्हाही अशीच बोलत होतीस," ती म्हणाली, पण या वेळी चिडवल्यासारखं नाही. मग जेवलीस का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

बाईंनी लिहायला घेतलं. इतक्या वेळा खोडलं की छापखान्यात असतं तर कागद फाटला असता. शेवटी जे पाठवलं ते असं होतं.

"यंत्राचं चुकलेलं नाही. ते बटण मी लिहिलं. लाल पेन म्हणजे मी. तुमचे वडील आठ वर्षं माझ्या ओळी तपासत होते. ते गप्प झाले तेव्हा त्यांना बोलतं करावं म्हणून मी मुद्दाम उलटा शब्द लिहिला. त्यांना चूक बघवायची नाही, म्हटलं चिडून तरी येतील. ते नाहीत हे मला माहीत नव्हतं, पण म्हणून दोष माझ्यावरून हलत नाही. तुमच्या वडिलांचं लिहिलेलं माझ्यामुळे गेलं. माझ्याकडे त्यांचं एवढंच आहे, माझ्या ओळींवरचे त्यांचे शेरे. ते कुणीही घ्यावेत असेच आहेत, त्यामुळे तुम्हाला द्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही. गोळा करून पाठवते. गेलेल्याची भरपाई म्हणून नव्हे."

शेरे गोळा करायला बरेच दिवस गेले. एकेका ओळीचं पान उघडायचं, तिथला वाद उतरवून घ्यायचा, पुढच्या पानावर जायचं. वाचता वाचता बाई हसायच्या आणि हसल्यावर खोलीत इकडेतिकडे बघायच्या. मास्तर गणिताचे होते हे आता ठिकठिकाणी दिसत होतं. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ अधूनमधून चुकलेले होते, आणि इतकी वर्षं ते आपल्या नजरेतून सुटलेच कसे हे बाईंना समजेना. त्यांनी एकही चूक दुरुस्त केली नाही. सगळं होतं तसं, दोघांच्या नावांसकट, मुलीला पाठवून दिलं.

मुलीचं उत्तर आलं नाही.

बाईंनी ते अपेक्षितच धरलं होतं, तरी रोज सकाळी त्या जाऊन बघत होत्या. आता तिथे बघण्यासारखं एकच होतं. 'जपून ठेवा'च्या जागी त्यांनी 'काढून टाका' अशी दुरुस्ती भरली होती आणि ती ओळ बाकीच्या दुरुस्त्यांच्या पुढे रांगेत उभी होती. समन्वयक बिचारा शरमला होता. तो म्हणाला, मी मंजूर करतो. बाईंनी त्याला नाही म्हणून कळवलं. ज्याला ही भाषा येते त्यानेच तपासायचं, मग किती का दिवस लागेनात.

दिवस गेले. जिन्यातली पाटी कुणीतरी नवी लावली, तिच्यात जुनीच चूक होती. बाईंनी ती तशीच राहू दिली.

मग एकदा भाजीची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता त्यांना पडद्यावर निरोप दिसला, 'तुमची एक ओळ नामंजूर झाली आहे.' तपासणाऱ्याचं नाव, शेवटचा बाक. त्यांनी उभ्या उभ्याच शेरा उघडला.

"तुम्ही पाठवलेलं वाचते आहे. दुसऱ्या वर्षापर्यंत आले. आम्हाला वाटायचं, लिहून झालं की बाबा दिवसभर कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसतात. तुमच्यावर राग आहे, तो जाईल असं वाटत नाही. पण ही ओळ तपासायला दुसरं कुणी नाही असं दिसतं. नुसतं 'काढून टाका' पुरत नाही. काढून कुठे ठेवणार, ते कळत नाही. 'कायमचं पुसून टाका' असं लिहा. परत मिळणार नाही हे बटण दाबायच्या आधी कळायला हवं."

बाईंनी ते वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मुलीचं बरोबर होतं. आयुष्यभर शब्द तपासून त्यांना जे दिसलं नव्हतं, ते तिला दिसलं होतं, आणि का दिसलं होतं हेही बाईंना ठाऊक होतं. त्यांनी 'काढून टाका' खोडलं, 'कायमचं पुसून टाका' लिहिलं आणि पाठवलं.

पलीकडे मुलगी बसलेलीच असावी. लगेच मंजूर झालं. शेऱ्याची जागा रिकामी होती.

बाई अजून उभ्याच होत्या. कुणी बसा म्हणेल म्हणून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग आपणच खुर्ची ओढली आणि रांगेतली पुढची ओळ उघडली.